सम्राट अशोकाने दंड का ठेवला?



तुम्ही तारापूर-बोईसरच्या बाजूला राहत असाल, तर सम्राट अशोक तुमच्या शेजारचाच आहे, हे कदाचित तुम्हाला आजवर कोणी सांगितले नसेल. बोईसर स्टेशनवर विरारकडे जाणारी गाडी पकडा, विरारला गाडी बदला आणि पुढच्याच नालासोपारा स्टेशनवर पश्चिमेला उतरा. तिथल्या जुन्या सोपारा गावात एक टेकाड आहे. गावकरी त्याला पिढ्यान्‌पिढ्या बुरुड राजाचा कोट म्हणत आले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते टेकाड खणले, तेव्हा आत स्तूप निघाला. सोपाऱ्यातच त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा हाती लागला. नवव्या शिलालेखाचा तुकडा मात्र जवळच्या भुईगावात सापडायला १९५६ साल उजाडावे लागले. ज्या वर्षी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरला आपल्याला धम्मदीक्षा दिली, त्याच वर्षी आपल्या या पट्ट्यातून अशोकाचे अक्षर पुन्हा वर आले. हा योगायोगच आहे आणि त्याला चमत्कार म्हणण्याचे कारण नाही, पण लक्षात ठेवण्याजोगा जरूर आहे.

अशोकाचे चरित्र तुम्ही मुलांच्या पाठ्यपुस्तकात वाचले असेल. कलिंगचे युद्ध, पश्चात्ताप, धम्माचा स्वीकार, आणि इथे धडा संपतो. आज ते चरित्र आपण वेगळ्या अंगाने पाहू. विहारात प्रवचन संपल्यावर एक प्रश्न नेहमी येतो, आणि तो विचारणाऱ्याच्या मागे बहुधा घरातले दुःख असते. कोणी आपल्या माणसाला मारहाण केलेली असते, कोणी लेकीबाळीवर हात टाकलेला असतो. पोलीस ठाण्यात फिर्याद झालेली असते. मग गावातली चार वजनदार माणसे घरी येतात आणि सांगतात की तुम्ही तर आता बौद्ध झालात, तुमचा धर्म करुणेचा, तेव्हा क्षमा करा आणि केस मागे घ्या. अशा वेळी नवदीक्षित कुटुंब गोंधळते. शिक्षा मागणे म्हणजे धम्माविरुद्ध वागणे काय? या प्रश्नाचा प्रत्यक्ष राज्य करताना ज्याने विचार केला, असा बौद्ध माणूस म्हणजे अशोक. म्हणून त्यालाच विचारू.

अशोक हा मगधाच्या बिंदुसार राजाचा मुलगा आणि चंद्रगुप्त मौर्याचा नातू. तरुणपणी त्याने उज्जैनीचा कारभार पाहिला आणि विदिशेच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीशी त्याचा संबंध जुळला, असे सिंहलद्वीपाच्या बखरी सांगतात. इसवी सनापूर्वी २६८ च्या सुमारास त्याचा राज्याभिषेक झाला. गादीसाठी त्याने ९९ भाऊ मारले, असेही त्या बखरींत आहे. पण अशोकाच्या पाचव्या शिलालेखात त्याच्या भावाबहिणींच्या घरांचा उल्लेख येतो, मग ते सगळे भाऊ मेले होते कसे? पोथीतली कथा आणि दगडावरचे अक्षर यांचा जिथे झगडा होतो, तिथे तुम्ही दगडाकडे उभे राहा, असा माझा सल्ला आहे. धम्माचा प्रभाव उठून दिसावा म्हणून नंतरच्या लेखकांनी आधीचा अशोक जास्तच काळा रंगवला असणे अगदी शक्य आहे.

तरीही त्यांतली एक कथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. अशोकावदानात ती आहे. चंड अशोकाने पाटलिपुत्रात एक बंदिशाळा बांधली. बाहेरून ती बागेसारखी सुंदर आणि आत नरकाचे सगळे छळ मांडलेले. गिरिक नावाचा एक क्रूर माणूस तिचा अधिकारी. त्याने राजाकडून वर मागून घेतला होता की जो आत शिरेल तो जिवंत बाहेर जाणार नाही. एके दिवशी समुद्र नावाचा भिक्खू चुकून आत आला. त्याला कढईत टाकले, पण त्याला काही झाले नाही. ते पाहायला राजा स्वतः आत गेला, तेव्हा गिरिकाने राजालाही अडवले, कारण नियम सर्वांना सारखा. राजाने विचारले की आपल्या दोघांत आधी आत कोण शिरले? गिरिक स्वतःच. मग गिरिकच जाळला गेला आणि बंदिशाळा पाडून टाकली. पुढे सातव्या शतकात आलेल्या चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगालाही त्या नरकाची जागा दाखवण्यात आली होती.

ही गोष्ट ऐतिहासिक नाही. पण नुसत्या धाकासाठी ठेवलेल्या शिक्षेचे असे नेमके वर्णन दुसरीकडे क्वचितच सापडेल. तिथे अपराध कोणाचा हे कोणी विचारत नाही. दार ओलांडले एवढेच पुरे. आणि असले यंत्र उभे केले की ते एक दिवस उभे करणाऱ्यालाच अडवते. तसे पाहिले तर कथेचा शेवटही गिरिकाला जाळूनच होतो, म्हणजे कथाकारालाही सूड सुटला नाही. हे आपण मनात ठेवू.

राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर अशोकाने कलिंग जिंकला. एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख पकडून नेली गेली आणि त्याहून कितीतरी पट नंतर मेली, असा हिशोब त्याने स्वतःच तेराव्या शिलालेखात दिला आहे. जगातला कोणता विजेता आपल्या विजयाचा असा ताळेबंद दगडावर लिहितो? याच लेखात तो सांगतो की ज्याने त्याचे वाईट केले, त्याचा अपराध क्षमा करण्याजोगा असेल तर क्षमा केली जाईल. आता हे शब्द नीट वाचा. क्षमेला त्याने मर्यादा घातली आहे. लगेच पुढे तो जंगलातल्या लोकांना समजावतो आणि बजावतो की पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या हाती सामर्थ्य आहे, तेव्हा त्यांनी वाईट कामापासून दूर राहावे, नाहीतर मारले जातील. पुष्कळ चरित्रकार हा भाग गाळतात. आपण गाळू नये. धम्म स्वीकारलेल्या राजाने दंड खाली ठेवलेला नाही.

मग त्याने बदलले काय? हे पाहायला ओरिसात भुवनेश्वरजवळ धौलीला जावे लागते. कलिंगच्या भूमीवर धौली आणि जौगड या दोन ठिकाणी त्याचे लेख आहेत. तिथे त्याने पश्चात्तापाचा तेरावा लेख कोरलाच नाही. ज्यांची माणसे मारली, त्यांच्यासमोर स्वतःच्या दुःखाचे प्रदर्शन त्याने केले नाही. त्याऐवजी तिथे दोन वेगळे लेख आहेत, आणि त्यांतला एक तोसलीच्या न्याय करणाऱ्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. माझ्या मते अशोकाचे सगळ्यात मोठे काम ते हेच.

त्यात तो म्हणतो की सर्व माणसे त्याची लेकरे आहेत, आणि हे तत्त्व अधिकाऱ्यांना पूर्ण समजलेले नाही. एखादा माणूस विनाकारण कोंडला जातो, त्याला यातना होतात, आणि त्याच्याबरोबर दुसरी पुष्कळ माणसे दुःखी होतात. घरातला कमावता माणूस कोठडीत गेला की चूल कशी विझते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढे तो न्याय बिघडवणारे सात दोष मोजतो. मत्सर, शीघ्रकोप, निष्ठुरता, घाई, कामाचा सराव नसणे, आळस आणि थकवा. हे दोष अपराध्याचे नाहीत, शिक्षा देणाऱ्याचे आहेत! स्मृतिकार शिक्षेबद्दल लिहू लागले की अपराध्याचे हात, जीभ, कान मोजतात. अशोक न्यायाधीशाचे मन मोजतो. शेवटच्या दोन दोषांकडे पाहा. आळस आणि थकवा. दिवसभर खटले ऐकून कंटाळलेला अधिकारी, संध्याकाळ झाली म्हणून कोणाला तरी आत टाकून मोकळा होणारा, हे बारकावे ज्याने कचेरी जवळून पाहिली आहे त्यालाच सुचतील. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना मोठ्याने वाचून दाखवावा, अधूनमधून एकट्या माणसालाही ऐकवावा, आणि कोणी विनाकारण कोंडला जात नाही ना हे पाहायला दर पाच वर्षांनी कठोर नसलेला अधिकारी फिरतीवर पाठवावा, अशी त्याची आज्ञा आहे. उज्जैनी आणि तक्षशिला इथून तर दर तीन वर्षांनी.

जरा आपल्याकडे वळून पाहू. स्टेशनवर पाकीटमार सापडला की बाजूचे चार जण हात धुऊन घेतात. त्यातल्या कोणाचेच पाकीट गेलेले नसते. फॅक्टरीतला फोरमनवरचा राग, गाडी चुकल्याचा राग, सगळा त्या एका पाठीवर निघतो. आपल्याच पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे १६ एप्रिल २०२० रोजी रात्री जमावाने दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांना ठार मारले. चोर आणि मुले पळवणारे आले आहेत, अशी अफवा त्या भागात पसरली होती, एवढेच त्याचे कारण. पोलीस तिथे होते. शीघ्रकोप, निष्ठुरता, घाई. धौलीच्या दगडावरचे तीन दोष एकाच रात्री तिथे हजर होते. अशा गर्दीत आपला एकही मुलगा असता कामा नये, हे घरात स्पष्ट सांगितले पाहिजे.

राज्याभिषेकाला तेरा वर्षे झाल्यावर अशोकाने धम्ममहामात्र नेमले. त्यांच्याकडे जी कामे सोपवली त्यांत कैद्यांचे काम ठळक आहे. ज्याला लेकरेबाळे आहेत, जो कोणाच्या तरी नादाने अपराधात सापडला, जो म्हातारा आहे, अशांची बेडी सुटावी, त्यांना मदत मिळावी, सुटका व्हावी, हे त्यांनी पाहायचे. कैदी एका ठरावीक मापाचा नसतो. त्याच्यामागे घर असते, वय असते, कोणीतरी त्याला भरीस घातलेले असते. २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती, आणि त्यांतली सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नाही असे. चारांतले तीन! जामीनदार मिळाला नाही म्हणून आत राहिलेला माणूस तुम्हा-आम्हा सगळ्यांच्या ओळखीत एखादा तरी असतो. धम्ममहामात्राने आज पहिल्यांदा त्याच्याकडे जायला हवे होते.

अशोकाने विहिरी खणल्या, वाटेवर झाडे लावली, माणसांना आणि जनावरांना औषधी वनस्पती पुरवल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याचा शिक्षेशी काय संबंध, असे वाटेल. संबंध तथागतांनीच जोडून दिला आहे. दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात एका राजाची गोष्ट येते. त्याच्या राज्यात लूटमार माजली होती. पुरोहिताने त्याला सल्ला दिला की फाशी, बेड्या आणि हद्दपारी यांनी हा रोग जाणार नाही, कारण जे उरतील ते पुन्हा लुटतीलच. शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला पुरता पगार द्या. राजाने तसे केले आणि लोक दारे उघडी टाकून झोपू लागले. हे सुत्त अशोकाच्या कानावर होते की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याच्या कारभाराचे तोंड त्याच दिशेला आहे, हे दिसते.

राज्याची २६ वर्षे झाल्यावर त्याने स्तंभांवर लेख कोरवले. चौथ्या स्तंभलेखात रज्जुक नावाच्या अधिकाऱ्यांची गोष्ट आहे. लाखो लोकांवर नेमलेले हे अधिकारी. हुशार दाईच्या हाती मूल सोपवून आई निश्चिंत व्हावी, तसे त्याने लोकांना त्यांच्या हाती सोपवले. आणि अट घातली दोन गोष्टींची. खटल्याच्या कामात समता आणि दंडात समता.

दंडात समता, हे शब्द आपल्यासाठी किती मोलाचे आहेत ते सांगू काय? अशोकाच्या पुढे कधीतरी रचलेल्या मनुस्मृतीत, ज्या अपराधाला दुसऱ्याचा प्राण जाईल त्याला ब्राह्मणाचे नुसते मुंडन सांगितले आहे. आणि शूद्राने द्विजाला कठोर बोल लावला तर त्याची जीभ छाटावी असे सांगितले आहे. अपराध एकच, पण अपराधी कोणत्या जातीत जन्मला त्यावर दंड ठरायचा. अशी शिक्षा समाजाचे रक्षण करत नाही, ती फक्त पायऱ्या राखते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी ते पुस्तक का जाळले, हे या एका कलमावरूनही कळते. गावकी आणि जातपंचायतीचा बहिष्कार हा त्याच दंडाचा धाकटा भाऊ. पाणी बंद, दुकान बंद, मयताला खांदा बंद. त्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला. अशोकाच्या स्तंभानंतर किती शतके गेली, ते तुम्हीच मोजा.

त्याच चौथ्या लेखात तीन दिवसांची गोष्ट आहे. ज्यांना मृत्युदंड सुनावला गेला, त्यांना तीन दिवसांची मुदत. त्या वेळात नातेवाइकांनी रज्जुकांकडे जाऊन जीवदानासाठी विनवावे. विनवणारा कोणी नसेल, तर मरणाऱ्याने दान द्यावे, उपवास करावा. पाचव्या स्तंभलेखात तो सांगतो की २६ वर्षांत त्याने २५ वेळा कैदी सोडले.

म्हणजे फाशी होती. वीतशोक नावाच्या भावाचा चुकून वध झाल्यावर अशोकाने देहदंड कायमचा बंद केला, असे अशोकावदान सांगते. पण दगड तसे म्हणत नाही. आपल्याला आवडणारी कथा असली तरी इथेही दगडाचेच मानले पाहिजे. अशोक इथे थांबला. का थांबला, हे त्याने लिहिलेले नाही. राजवाड्याच्या स्वयंपाकात अजून रोज दोन मोर आणि एक हरीण मारले जातात, हेही त्याने पहिल्या शिलालेखात उघड सांगितले होते. जे अपुरे राहिले ते लपवायचे नाही, ही त्याची रीत होती.

फाशीच्या प्रश्नावर त्याच्यापुढचे पाऊल टाकले ते बाबासाहेबांनी. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फौजदारी अपिलांची चर्चा चालू असताना त्यांनी सांगितले की अपिलाच्या तरतुदीपेक्षा देहांत शिक्षाच रद्द करणे त्यांना पसंत आहे, कारण हा देश अहिंसेला नैतिक आज्ञा मानत आला आहे. लोक ती आज्ञा पाळत नसतील, तरी मानतात. ते झाले नाही. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणापुरती ठेवली, आणि २०१४ साली असा निर्णय दिला की दयेचा अर्ज फेटाळल्याचे कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान १४ दिवस गेले पाहिजेत. अशोकाचे तीन दिवस आज १४ झाले आहेत.

आता तो विहारातला प्रश्न. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती बदलून २५ वर्षांची सक्तमजुरी दिली. अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र दोन्ही न्यायालयांनी लागू धरला नाही. फाशी रद्द झाली म्हणून तेव्हा आपल्या वस्त्यांत संताप झाला. संताप समजण्यासारखा होता, पण माझ्या मते खरी खंत दुसरी आहे. दोर गेला ते एकवेळ सोसता येईल. जातीमुळे मारले, हे न्यायालयाच्या कागदावर यायला हवे होते. शिक्षेचे एक काम हेही असते की जे घडले त्याला सर्वांसमोर त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची. अशोकाने कलिंगच्या बाबतीत स्वतःच्याच कृत्याला तशी हाक मारली होती.

आणि क्षमेचे म्हणाल, तर अशोकाच्याच घरातली कुणालाची कथा ऐका. ही पण कथाच. राणी तिष्यरक्षितेने राजाची मुद्रा वापरून कुणालाचे डोळे काढवले. अशोकाला कळले तेव्हा तो रागाने बेभान झाला. आंधळा झालेला कुणाल स्वतः तिच्यासाठी क्षमा मागू लागला. राजाने ऐकले नाही, तिला जाळून मारले. कथाकाराची सहानुभूती कुणालाकडे आहे आणि आपलीही असेल. पण एक गोष्ट पाहा. क्षमा मागितली ती ज्याचे डोळे गेले त्याने, स्वतःच्या मनाने. दरबारातल्या कोणी मंत्र्याने त्याच्या दाराशी येऊन ती मागितली असती, तर तिला काय किंमत होती? तेव्हा केस मागे घ्या म्हणून जे तुमच्या दाराशी येतात, त्यांना चहा द्या आणि केस चालू ठेवा. फिर्याद चालवण्यात सूड नाही. आरोपीच्या घराला आग लावण्यात आहे, त्याच्या लेकराला शाळेत छळण्यात आहे. ते करू नका.

सातव्या स्तंभलेखात, राज्याच्या २७ व्या वर्षी, अशोकाने आयुष्यभराच्या कामाचा आढावा घेतला. धम्म वाढवायला त्याने दोन वाटा धरल्या होत्या. एक नियमांची आणि दुसरी मन वळवण्याची. तो सांगतो की नियमांनी थोडे झाले, मन वळवण्याने पुष्कळ. ज्याच्या हाती हुकूम, बेडी आणि सुळावर चढवण्याचा अधिकार होता, त्या माणसाचा हा हिशोब आहे.

इसवी सनापूर्वी २३२ च्या सुमारास तो गेला. शेवटच्या दिवसांत युवराज आणि अमात्य यांनी त्याचे खजिन्यावरचे अधिकार काढून घेतले, असे अवदान सांगते. सोन्याची भांडी गेली, मग चांदीची, मग लोखंडाचीही. शेवटी जेवणात आलेला अर्धा आवळा त्याच्या हातात राहिला. तो त्याने कुक्कुटाराम विहारात पाठवला. ज्यांनी त्याचे हात बांधले त्यांपैकी एकालाही त्याने शिक्षा फर्मावल्याचे कथेत नाही. विहारात तो आवळा कुटून कालवणात घातला, म्हणजे प्रत्येक भिक्खूच्या पात्रात थोडा थोडा जाईल.